आधी विचारावे, कुठे उभे आहोत?

मोबाइलवर बोलणे सुरू झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कुठे आहेस?' त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे बोलणे जमत नाही. 'डावीकडे वळ' असे सांगायचे तर समोरचा माणूस कुठे उभा आहे ते ठाऊक हवे. संगणकाचेही असेच आहे. मला हे उशिरा कळले आणि त्याची किंमत माझ्या कवितांनी मोजली.

पाच वर्षांपूर्वी भाच्याने माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिले. त्यात चित्रांवर टिचकी मारून काम करता येते, तसेच काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनही करता येते. मला ही दुसरी रीत आवडली. शब्द लिहावा आणि काम व्हावे, हे कुठल्या कवीला आवडणार नाही? आपली आज्ञा वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल आणि त्याभोवतीचे कवच म्हणजे शेल. नारळातले खोबरे आणि करवंटी म्हणा ना.

संगणकातली माहिती कप्प्यांत ठेवलेली असते. कप्प्यात आणखी कप्पे असतात. या कप्प्यांना डिरेक्टरी किंवा फोल्डर म्हणतात. शेल नेहमी कुठल्या तरी एका डिरेक्टरीत उभा असतो. जागेचे नाव न घेता 'यादी दाखव' म्हटले तर तो तिथलीच यादी दाखवतो, 'पुसून टाक' म्हटले तर तिथलेच पुसतो. आपण कुठे आहोत हे विचारायचे असेल तर 'पीडब्ल्यूडी' असे लिहायचे. आपल्याकडे ही अक्षरे ऐकली की रस्त्यातले खड्डे आठवतात. इथे त्यांचा अर्थ 'प्रिंट वर्किंग डिरेक्टरी', म्हणजे सध्याची जागा छापून दाखव. जागा बदलायची तर 'सीडी', म्हणजे 'चेंज डिरेक्टरी'. तिच्यापुढे डिरेक्टरीचे नाव लिहिले की शेल तिथे जातो. दोन टिंबे दिली तर एक पायरी वर, बाहेरच्या कप्प्यात. काहीच न लिहिता नुसते 'सीडी' म्हटले तर थेट आपल्या घरच्या डिरेक्टरीत.

आणि 'सीडी'पुढे एक आडवी रेघ दिली तर? मग शेल आपल्याला आधी होतो तिथे परत नेतो आणि कुठे आणले त्याचे नावही छापतो. टीव्हीच्या रिमोटवर मागच्या चॅनेलवर जाण्याचे बटन असते ना, तसेच हे. शेल दोन पत्ते जवळ बाळगतो. आत्ताच्या जागेचा पत्ता 'पीडब्ल्यूडी' नावाखाली आणि मागच्या जागेचा 'ओल्डपीडब्ल्यूडी' नावाखाली. आडवी रेघ दिली की दोघांची अदलाबदल होते. पुन्हा दिली की पुन्हा होते. त्यामुळे दहा वेळा रेघ दिली तरी दहा पावले मागे जाता येत नाही, दोनच जागांमध्ये येरझारा होतात. कॉर्न शेलमध्ये ही सोय होती आणि १९८९ मध्ये आलेल्या बॅश या शेलमध्येही ती आहे. अधिक मागचे लक्षात ठेवायचे असेल तर 'पुशडी' आणि 'पॉपडी' या आज्ञा आहेत. त्या ताटांच्या चळतीसारखे एकावर एक पत्ते रचतात आणि वरून एकेक काढून देतात.

आता एक गंमत. बहुतेक आज्ञा म्हणजे वेगळे छोटे प्रोग्रॅम असतात, पण 'सीडी'चे काम शेलला स्वतःच करावे लागते. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली. तिचे एक जनक डेनिस रिची यांनी सुरुवातीच्या दिवसांची हकिगत लिहून ठेवली आहे. प्रत्येक आज्ञेसाठी शेलने आपली एक प्रत, म्हणजे एक मूल जन्माला घालावे आणि त्या मुलाने काम करून निघून जावे, अशी नवी व्यवस्था त्यांनी केली. सगळे खूश झाले, आणि लक्षात आले की जागा बदलण्याची आज्ञा बंद पडली आहे. पुष्कळ डोकेफोड झाल्यावर उलगडा झाला. आज्ञा नीट चालत होती. मूल सांगितलेल्या जागी जात होते आणि तिथेच संपत होते. शेल मात्र होता तिथेच. मुलाला बाजारात पाठवले म्हणून आपण बाजारात पोहोचत नाही! तेव्हापासून ही आज्ञा शेलच्या पोटात गेली. प्रत्येक चालू प्रोग्रॅमची उभे राहण्याची जागा त्याची स्वतःची असते, हा धडा त्यातून मिळाला.

माझा धडा वेगळा होता. कवितांच्या डिरेक्टरीत मी 'रद्दी' नावाची एक डिरेक्टरी केली होती. फसलेले खर्डे तिच्यात टाकायचे आणि महिन्याकाठी पुसायचे. त्या रात्री मी एकाच ओळीत दोन आज्ञा लिहिल्या. 'रद्दी'त जा, अर्धविराम, तिथले सगळे पुसून टाक. घाईत 'रद्दी'तली 'दी' मी ऱ्हस्व लिहिली. शेलने मुकाट्याने सांगितले की अशी डिरेक्टरी नाही. तो जागचा हलला नाही. मग दुसरी आज्ञा वाचली आणि उभा होता तिथले सगळे पुसले. तिथे कविता होत्या. ही आज्ञा डिरेक्टरीला हात लावत नाही, म्हणून रद्दी तेवढी शाबूत राहिली.

घाबरून मी 'सीडी' आणि आडवी रेघ लिहिली. वाटले, मागे गेलो म्हणजे मागचे परत येईल. शेलने मला त्याआधी जिथे होतो त्या गाण्यांच्या डिरेक्टरीत नेऊन सोडले. ही रेघ जागा मागे नेते, वेळ मागे नेत नाही. आणि काळ्या पडद्यावरून पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही.

भाचा आला. म्हणाला, "मामू, त्याने तर सांगितलं होतं, अशी डिरेक्टरी नाही म्हणून. तुम्ही वाचलंच नाही." मग त्याने समजावले. अर्धविरामाचा अर्थ, पहिले काम होवो न होवो, दुसरे कर. त्याऐवजी 'अँड'चे चिन्ह दोनदा लिहावे. त्याचा अर्थ, पहिले साधले तरच दुसरे कर.

काही कविता वह्यांत सापडल्या, काही संमेलनांत म्हटल्यामुळे पाठ होत्या. अकरा गेल्या त्या गेल्याच. आता दर रविवारी सगळे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. आणि काही पुसण्याआधी 'पीडब्ल्यूडी' लिहून, आलेले उत्तर मोठ्याने वाचतो. घरचे हसतात. हसू देत.