आफ्रिकी सिक्लिडचे शेजारी: रंगापेक्षा आहार आणि स्वभाव महत्त्वाचा

दुकानातील टाकीत निळे, पिवळे, नारिंगी सिक्लिड गुण्यागोविंदाने पोहताना दिसतात आणि हौशी माणूस प्रत्येक रंगाचा एकेक मासा घरी आणतो. काही महिन्यांत त्यांतला एक साऱ्या टाकीचा धनी होतो. बाकीचे फाटलेल्या परांनिशी हीटरमागे दडून बसतात. दुकानातले मासे बहुधा पिल्लेच असतात. वयात आलेल्या नराला स्वतःची हद्द हवी असते, आणि पराभूताला पळून जाण्यास काचेच्या टाकीत जागा नसते.

‘आफ्रिकी सिक्लिड’ हे नाव मुख्यतः मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतील शेकडो जातींना सरसकट लावले जाते. (कोकण-गोव्यात ताटात येणारा काळुंदरही याच कुळातला.) सोबती शक्यतो एकाच सरोवरातले असावेत; मात्र तेवढ्याने भागत नाही. मलावीतील ‘एम्बुना’ मासे खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात आणि त्यांचे आतडे लांब असते. त्याच सरोवरातील ‘पीकॉक’ मासे वाळूतील किडे टिपतात. पीकॉकला मानवणारे प्रथिनयुक्त खाद्य रोज मिळाल्यास एम्बुनांना पोटफुगीचा जीवघेणा विकार जडू शकतो. शिवाय आक्रमक एम्बुनांच्या धाकाने पीकॉकचा रंगही फिका पडतो. यास अपवाद पिवळ्या ‘यलो लॅब’चा: तो एम्बुना असूनही तुलनेने सौम्य आहे आणि बारीक जीवही खातो, त्यामुळे पीकॉकसोबत बहुधा निभावून जातो.

नराला खरा राग येतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्याचा. म्हणून समान रंगाच्या व समान पट्ट्यांच्या जाती एकत्र ठेवू नयेत. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या ‘डेमासोनी’त नर-मादी सारखेच दिसतात. त्यांची चार-पाचांची टोळी हमखास एकमेकांना संपवते. बारा किंवा अधिक असल्यास मात्र मार विभागला जातो. थोडी दाटी हितावह ठरते ती अशी. अर्थात त्यासाठी किमान चार फूट लांबीची टाकी, समर्थ फिल्टर आणि दर आठवड्याला काही पाणी बदलण्याची शिस्त हवी. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात.

मृदू, आम्लधर्मी पाण्यातील निऑन टेट्रा येथे सर्वथा वर्ज्य. सिनोडॉन्टिस जातीचे मार्जारमीन मात्र उत्तम शेजारी. त्यांतला टांगानिकाचा ठिपकेदार ‘मल्टिपंक्टेटस’ तर कोकिळेचाच भाऊ. सिक्लिड मादी अंडी तोंडात उबवते. हा त्यांत स्वतःची अंडी मिसळतो आणि त्याची पिल्ले यजमानाच्या पिल्लांनाच खातात. पैदास करू पाहणाऱ्याने हे आधी जाणावे.

पाणी गावानुसार बदलते. मलावीच्या माशांना ७.८ ते ८.६ पीएचचे जड पाणी लागते. लंडनच्या नळाचे पाणी जड असल्याने तेथे फारसे काही करावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या मृदू पाण्यात मात्र प्रवाळाचा चुरा किंवा अ‍ॅरगोनाइट वाळू घालावी लागते.

एक पथ्य आणखी: निरनिराळ्या पीकॉक जातींच्या माद्या सारख्याच करड्या दिसतात आणि संकर सहज होतो. अशी पिल्ले शुद्ध जातीची म्हणून कोणास देऊ नयेत, आणि नकोसे झालेले मासे जवळच्या तळ्यात तर कदापि सोडू नयेत.