पाच गुंठ्यांचा नियम आणि अर्ध्या गुंठ्याचे छप्पर



कसारा घाट उतरला की शहापूर तालुका लागतो, माळशेज उतरला की मुरबाड. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचा हा मुलूख. मुंबईची तहान भागवणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणे शहापुरातलीच. तरी उन्हाळा लागला की तिथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणे आलेच. पाऊस कातळावरून वाहून जातो; धरणाचे पाणी खाली खोऱ्यात, पाडे वर टेकाडावर. हंडे अर्थातच बायांच्या डोक्यावर!

घरचे पावसाचे पाणी साठवण्याबाबत सरकारी नियम आहे. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे बांधकाम करताना ही सोय सक्तीची आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे आपले जवळजवळ पाच गुंठे. बंगलेवाले, गृहसंकुलवाले यात आले. पाड्यावरच्या घराचे छप्पर फार तर अर्धा गुंठा! ज्याला गरज जास्त, त्याला नियम विचारतच नाही. आम्हाला हे खटकते.

पण हिशेब तर करून बघू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अर्ध्या गुंठ्याच्या, म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. गळती-सांडती वीस टक्के धरली तरी ऐंशी हजार उरले. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर धरले तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांना सहा हजार पुरतात. दोन मीटर लांब, दोन रुंद, दीड खोल एवढी टाकी झाली की काम भागले.

घाटावर आपल्याकडे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तरी तेवढ्याच छपरावरून वीस हजार लिटर मिळतात. उसाची पाळी चुकली तर आपण पाटकऱ्याशी भांडतो, आणि वस्तीवरच्या पत्र्याचे पाणी उकिरड्यात सोडतो!

पत्र्याला किंवा कौलांना पन्हळ लावावी. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे, त्यात धूळ, चुलीची काजळी, पाखरांची घाण असते. पुढचे पाणी खडी, वाळू, कोळशाच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. टाकीला घट्ट झाकण हवे, नाहीतर डास होतात. पिण्याआधी पाणी उकळावे. शेजारच्या फडात फवारणी चालू असेल त्या दिवशी पन्हळीचे तोंड बाहेर फिरवून ठेवावे.