पाऊस वगळून बाख

शहापूर-मुरबाडकडचा जुलै महिना तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको. घरावर पत्रे असले तर शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. अशाच एका घरातील नववीच्या मुलीने इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर बाखचा सी मेजरमधील प्रिल्यूड (१७२२) बसवला होता. तो मुद्रित करून दूरच्या शिक्षिकेकडे पाठवायचा होता. मोबाइलवर चार वेळा मुद्रण झाले. चारही वेळा पाऊसच अधिक! "सर, यात बाख शोधावा लागतो," ती म्हणाली.

मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतार टिपतो. ते पावसामुळे झाले की वाद्यामुळे, हे त्याला कळत नाही. की-बोर्ड मात्र बोटांचीच नोंद ठेवू शकतो : कोणती पट्टी, केव्हा, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या 'मिडी' या सांकेतिक लिपीत ही नोंद होते.

वेगच का, जोर का नाही? पियानोत हातोडी तारेवर आदळण्यापूर्वीच पट्टीच्या यंत्रणेपासून सुटते, हातातून दगड सुटावा तशी. मग पट्टी कितीही दाबून धरा, सूर मोठा होत नाही. सुटतानाचा वेगच काय ते ठरवतो. की-बोर्डमध्ये तार नाही. पट्टीच्या मार्गात एकाखाली एक असे दोन विद्युत्-संपर्क असतात. समजा, त्यांत ५ मिलिमीटर अंतर आहे. पट्टीने ते १/१०० सेकंदात कापले तर वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर. १/२० सेकंद लागला तर १० सेंटिमीटर. हा वेग १ ते १२७ पैकी एका अंकाने लिहिला जातो. (काही स्वस्त की-बोर्डना हा वेग कळतच नाही. त्यांवर पियानोचा सराव करू नये, असे माझे मत आहे.)

आता हिशेब पाहा. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी २ बाइट, डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. या प्रिल्यूडमध्ये साधारण ५५० सूर आहेत. दाबण्याचे ३ व सोडण्याचे ३ बाइट धरले तर सुमारे ३,३०० बाइट, आणि वेळेच्या नोंदीचे थोडे अधिक!

मुलीने ती नोंद पाठवली. शिक्षिकेने ती आपल्या वाद्यावर वाजवली. पाऊस नव्हताच, पण इतर बोटांचे अंक ६०च्या घरात आणि उजव्या करंगळीचे ३५च्या आसपास, हे मात्र लख्ख दिसले. मोबाइलच्या मुद्रणात ते पावसाखाली झाकले गेले होते. सध्या करंगळीचा वेगळा सराव चालू आहे.