काशीतील एक व्याख्यान आणि राज्यघटनेची मूलभूत चौकट

काशीत मांडलेले मत न्यायासनासमोर प्रमाण म्हणून वाचले जावे, याचे महाराष्ट्राला नवल वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ इंग्रजी अमदानीत मुंबईच्या हायकोर्टात दायभागाच्या खटल्यांमध्ये आधार म्हणून चालत असे. परंतु १९६५ च्या फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विधी विभागात जे व्याख्यान झाले, आणि ज्याचे पडसाद पुढे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ उमटत राहिले, त्याचा कर्ता शास्त्री नव्हता आणि भारतीयही नव्हता. ते होते हायडेलबर्ग विद्यापीठातील जर्मन विधिज्ञ डीट्रिश कॉनराड, आणि त्यांचा विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादा.

या मर्यादांचा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कायदेमंडळाने केलेला कायदा राज्यघटनेच्या कसोटीस उतरत नसेल तर तो रद्दबातल ठरविण्याची मुखत्यारी न्यायालयाला आहे, हे तत्त्व ज्या निवाड्याने रूढ झाले तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८०३ सालचा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा निवाडा होय. प्रकरण म्हणाल तर क्षुल्लक होते. मावळत्या अध्यक्षांनी विल्यम मार्बरी नामक गृहस्थाची एका कनिष्ठ न्यायाधिकारपदी नेमणूक केली, सनदेवर सही-शिक्का झाला, पण ती त्याच्या हाती पडण्यापूर्वी अंमल बदलला आणि नव्या सरकारने ती अडकवून ठेवली. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी मार्बरीचा हक्क मान्य केला, आणि तरीही, ज्या कलमान्वये तो थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागत होता ते कलमच घटनाबाह्य ठरवून, त्याला रिक्त हस्ते परत पाठविले. गंमत अशी की, सनदा बजावल्या जावयाच्या त्या दिवसांत परराष्ट्रखाते खुद्द मार्शल यांच्याच हाती होते. आजच्या रिवाजाने पाहता त्यांनी त्या प्रकरणी न्यायासनावर बसणेही गैर ठरले असते.

मात्र हेच न्यायालय, प्रश्न कायद्याचा नसून खुद्द घटनेत केलेल्या दुरुस्तीचा असला म्हणजे, हात आखडता घेत आले आहे. मद्यबंदीची अठरावी दुरुस्ती मूळ घटनेच्या स्वरूपालाच बाधक आहे, ही तक्रार त्याने १९२० साली फेटाळली. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या दुरुस्तीवरील तशाच हरकतीची वाट १९२२ साली तीच झाली. तेथे हे चालते, कारण तीन-चतुर्थांश राज्यांची संमती मिळविण्याचा मार्गच इतका बिकट आहे की त्या मार्गाने आजवर अवघ्या २७ दुरुस्त्या पार पडल्या. आपल्याकडे घटना अमलात येऊन दीड वर्षही लोटले नव्हते तोच पहिली दुरुस्ती झाली, आणि संसदेत एकाच पक्षाचे निर्विवाद बहुमत असताना पुढील दुरुस्त्यांनाही विशेष अडथळा उरला नाही.

संसदेच्या या दुरुस्तीच्या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली शंकरीप्रसाद खटल्यात मान्यता दिली होती, आणि १९६४ च्या अखेरीस सज्जनसिंग खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या वतीने तिचीच पुनरुक्ती केली. त्याच पीठावर अमरावतीच्या रावबहादूर मुधोळकरांचे चिरंजीव न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर होते. निकालाशी ते सहमत झाले. पण घटनेच्या मूळ लक्षणात बदल करणे ही नुसती दुरुस्ती म्हणावयाची की घटनेचे पुनर्लेखन, अशी शंका त्यांनी नोंदवून ठेवली, आणि तिच्या पुष्टीसाठी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ सालचा एक निवाडा पुढे केला. या शंकेचे श्रेय मराठी वाचकाने तरी विसरू नये, असे मला वाटते.

कॉनराड यांचे व्याख्यान झाले ते यानंतर काही महिन्यांनी. वायमारची राज्यघटना बाह्यतः शाबूत ठेवून तिचा आत्मा कसा हरण करता येतो, हे जर्मनीने पुरते अनुभवले होते, आणि म्हणूनच १९४९ च्या नव्या जर्मन घटनेत काही तत्त्वे कोणत्याही दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवण्यात आली. भारतीय घटनेत तसे कलम नव्हते. तेव्हा कॉनराड यांनी श्रोत्यांपुढे काही प्रश्न ठेवले, ते त्या काळी अतिशयोक्त वाटावेत असेच होते: दोन-तृतीयांश मतांच्या बळावर देशाची दोन शकले करता येतील काय? कायद्याच्या आधाराविना माणसाचा प्राण घेण्याची मुभा शासनाला देता येईल काय? बहुमत ओसरू लागलेल्या पक्षाला, दुरुस्तीचा सर्व अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींच्या हाती सोपविता येईल काय? मोगल बादशाही पुन्हा स्थापन करता येईल काय? टोकाच्या उदाहरणाशिवाय एखाद्या कल्पनेचे खरे स्वरूप उघडे पडत नाही, अशी त्यांची धारणा होती.

हे विवेचन वकील एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात न्यायालयासमोर ठेवले. सरन्यायाधीश सुब्बाराव यांना त्या युक्तिवादात बळ दिसले, पण त्यावर मत देण्याची गरज नाही असे म्हणून, १९६७ च्या फेब्रुवारीत सहा विरुद्ध पाच मतांनी दिलेला निवाडा त्यांनी निराळ्याच आधारावर उभा केला. अखेर २४ एप्रिल १९७३ रोजी, तेरा न्यायाधीशांसमोर ६८ दिवस युक्तिवाद चाललेल्या केशवानंद भारती खटल्यात, सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने, संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. आणि ज्यांच्या मतावर पारडे झुकले त्या न्यायमूर्ती खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा नामनिर्देशपूर्वक आधार घेतला.

या तत्त्वाची पहिली कसोटी ज्या फिर्यादीने लागली तिचा कर्ता राजनारायण हाही काशीकडचाच, वाराणसी जिल्ह्यातील गंगापूरचा. रायबरेलीची इंदिरा गांधींची निवड अलाहाबाद हायकोर्टाने १२ जून १९७५ रोजी रद्द केली. अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती ७ तारखेला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी संमत झाली, ८ ला राज्यसभेत पार पडली, ९ ला घाईने बोलावलेल्या राज्य विधानसभांनी तिला दुजोरा दिला आणि १० तारखेस तिच्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीकडे न्यायालयाने पाहूच नये, आणि हायकोर्टाचा निकाल झालाच नाही असे समजावे, एवढाच त्या दुरुस्तीतील चौथ्या खंडाचा मतलब होता. दहा वर्षांपूर्वी काशीत ऐकलेले प्रश्न आता तितकेसे अतिशयोक्त राहिले नव्हते.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी, आणीबाणी पुरत्या जोरात असताना, तो खंड रद्द झाला. पंतप्रधानांची निवड मात्र मागाहून बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे कायम राहिली. त्या पीठावरील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड केशवानंद खटल्यात अल्पमतात होते, आणि तरीही बहुमताचे तत्त्व बंधनकारक मानून त्यांनी हा खंड समतेच्या कसोटीवर अवैध ठरविला. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात, सरन्यायाधीश या नात्याने, त्यांनीच हे तत्त्व अधिक दृढ केले. १९८९ साली बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हायकोर्टाची कायम पीठे ढाक्याबाहेर वाटून टाकणारी दुरुस्ती रद्द करताना, हेच तत्त्व अंगीकारले. मुधोळकरांनी आधारासाठी घेतलेला पाकिस्तानी निवाडाही मुळात ढाक्याच्याच हायकोर्टातून वर गेलेला होता.