राज्यकारभारातील सुधारणा : निकाल कसा वाचावा?

सरकारी कारभार सुधारला की नाही, हा प्रश्न न्यासाच्या बैठकीनंतर चहा घेताना हटकून निघतो. कोणी म्हणतो, "सारे बदलले". कोणी म्हणतो, "काहीच बदलले नाही". दोघेही स्वतःच्या अनुभवाने बोलतात, म्हणून दोघांनाही खोटे म्हणवत नाही. या महोत्सवी स्मरणिकेत त्या प्रश्नाचा थोडा नीट विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा पद्धत परीक्षकाची राहील, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

केंद्र सरकारने पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग १९६६ साली नेमला. मोरारजी देसाई आणि त्यांच्यामागून के. हनुमंतय्या त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी या आयोगाने लोकपाल नेमण्याची शिफारस केली. लोकपालाचा कायदा संमत झाला २०१३ साली, आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ साली! २००५ साली वीरप्पा मोइली यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग बसला. त्याने पंधरा अहवाल दिले. पुढे ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारे विधेयक २०११ साली लोकसभेत आले, पण २०१४ साली ती लोकसभा विसर्जित होताच तेही निकालात निघाले. अहवाल लिहिला म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे, हा यातला पहिला धडा.

या बाबतीत आपले मध्य प्रदेश राज्य मात्र पुढे गेले. लोकसेवा हमीचा कायदा येथे २०१० साली झाला. असा कायदा करणारे देशातील हे पहिले राज्य. २०१२ साली त्यास संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ साली केला. प्रारंभी आपल्या यादीत २६ सेवा होत्या. पुढे ती यादी कैक पटींनी वाढली.

कायद्याची रचना सोपी आहे. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली. त्या मुदतीत अधिकाऱ्याने सेवा द्यावी, नाहीतर अर्ज नामंजूर करून त्याची कारणे लेखी कळवावीत. काम न झाल्यास ३० दिवसांत पहिले अपील. तेथेही समाधान न झाल्यास त्या निर्णयापासून ६० दिवसांत दुसरे. सबळ कारणावाचून विलंब झाला असल्यास दोषी अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, अधिकात अधिक ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यातून अर्जदारास भरपाईही देववता येते. सरकारदरबारी अर्ज नेणे म्हणजे कृपा मागणे, ही समजूत आपल्याकडे संस्थानी काळापासून मुरलेली आहे. ती या कायद्याने मोडली. हे यश लहान नाही.

परंतु परीक्षकाने आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढावयास एका कचेरीत गेले. "कागद अपुरे आहेत, उद्या या", असे त्यांना तीनदा तोंडी सांगण्यात आले. अर्ज दाखल झाला नाही, म्हणून पावती नाही. पावती नाही, म्हणून मुदत सुरू झाली नाही. आणि मुदतच नाही, तर अपील कशाचे करणार? शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली, आणि हुशार मुलगा वर्षभर उसन्या पुस्तकांवर शिकला. त्या कचेरीच्या दप्तरी मात्र हा विलंब कोठेच नोंदला गेला नसणार.

आम्हां शिक्षकांस हा प्रकार ओळखीचा आहे. कच्च्या मुलांस परीक्षेचा अर्जच भरू दिला नाही, तर कोणत्याही शाळेचा निकाल शेकडा शंभर लागेल! म्हणून "इतके अर्ज मुदतीत निकाली निघाले" हा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. निकाली निघालेल्यांपैकी मंजूर किती व नामंजूर किती? खिडकीवरूनच परत गेलेल्यांची गणती कोणी ठेवली काय? आणि अपिले थोडी आली, ती लोक समाधानी होते म्हणून, की अपील करता येते हेच त्यांना ठाऊक नव्हते म्हणून? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कारभारास उत्तीर्ण म्हणता येत नाही, आणि अनुत्तीर्णही म्हणता येत नाही.

आमच्या मते प्रगती खरी आहे, पण ती अर्ध्या वाटेवर आहे. पुढचा अर्धा रस्ता सरकारइतकाच आपलाही आहे. आपल्या वस्तीला सुदाम्याचे नाव आहे. सुदामा मित्राच्या दारी गेला, पण संकोचाने त्याला काही मागवेना. तरी त्याचे काम झाले, कारण दारी श्रीकृष्ण होते. प्रत्येक खिडकीपाशी तसा योग येत नाही! तेथे अर्ज लेखी द्यावा, पावती घ्यावी, तीवरील तारीख पाहावी आणि ती उलटताच अपील करावे.

न्यासात लिहिती-वाचती माणसे पुष्कळ आहेत. त्यांतील चौघांनी आठवड्यातून एक तास बसून शेजारच्या वृद्धांचे, विधवा भगिनींचे आणि शाळकरी मुलांच्या पालकांचे अर्ज लिहून दिले व पावत्यांच्या तारखा एका वहीत टिपून ठेवल्या, तर त्या वहीतूनच आपल्या भागातील कारभाराचा खरा निकाल वाचता येईल. वहीचा खर्च न्यासावर पडू नये. पहिली वही आम्ही आणून देऊ.