घास अडतोय? ॲसिडिटी समजून स्वस्थ बसू नका

आपल्या कर्जत-खालापूर भागात जेवण म्हणजे भात. रायगड जिल्ह्याची ओळखच मुळी भाताचे कोठार अशी. कर्जतच्या संशोधन केंद्रात तयार झालेले, 'कर्जत' हेच नाव लावलेले भाताचे वाण शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. अशा मुलखात एखाद्याच्या घशाखाली भाताचा घासच उतरेनासा झाला, तर त्याच्यावर काय प्रसंग ओढवत असेल? आज मी अशाच एका रुग्णाची हकिगत सांगणार आहे. त्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे. रुग्ण आणि घरची मंडळी यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावगाव मात्र देत नाही.

खालापूरकडच्या एका गावातील ही बत्तीस वर्षांची गृहिणी. नवरा खोपोलीच्या बाजूला कारखान्यात कंत्राटी कामावर, घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, जेवले की छातीत भरल्यासारखं वाटतं, जळजळतं." मी पोट तपासले, तिखट-तेलकट बंद करायला सांगितले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी ती परत आली, तेव्हा गोळी बदलली. असे सव्वा वर्ष चालले. दर खेपेला मी विचारी, "जळजळ कमी आहे का?" ती म्हणे, "थोडी कमी आहे." आमचे संभाषण तेवढेच.

दरम्यान घरात काय चालले होते ते मला फार उशिरा कळले. ही बाई सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर मागीलदारी एकटीच जेवायला बसे. एका घासामागे अर्धा तांब्या पाणी पिई. घास खाली सरकावा म्हणून मध्येच उठून उभी राही, हात वर करी, येरझारा घाली. लग्नाच्या पंगतीला जाणे तिने बंद केले होते. सासूबाईंना वाटे, सुनेला घरचे जेवण गोड लागत नाही. शेजारणी म्हणत, मनाचे खेळ आहेत. कुणी अंगारा आणून दिला, कुणी उपास सांगितले. बावन्न किलोची बाई एकोणचाळीस किलोवर आली.

मग खोकला सुरू झाला. वजन घटलेले आणि खोकला, म्हणून मला क्षयाची शंका आली. बेडका तपासला, त्यात काही निघाले नाही. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगी बरोबर आली होती. मी चिठ्ठी लिहीत असताना ती पोर सहज बोलून गेली, "आई रात्री झोपली ना, की उशीवर भाताची शितं पडलेली असतात."

माझा हात थांबला. मी बाईंना विचारले, "हे जे बाहेर येतं ते आंबट लागतं का?" त्या म्हणाल्या, "नाही. जसं खाल्लं तसंच येतं. आणि कधीकधी पाणीसुद्धा इथंच बसतं." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवले.

जठरात जाऊन परतलेले अन्न बहुधा आंबट किंवा कडवट लागते. जे आंबट नव्हते ते जठरापर्यंत पोहोचलेच नव्हते. सव्वा वर्षात हा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

दार उघडत नाही

या आजाराला ॲकॅलेशिया म्हणतात. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ 'सैल न होणे'. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका वीतभरापेक्षा थोडी अधिक, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. ती नुसती पोकळ नळी नव्हे. आपण घास गिळला की तिच्या स्नायूंची एक लाट वरून खाली सरकते आणि घासाला पुढे ढकलते. खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते आवळलेले असते, म्हणून जठरातील आम्ल वर येत नाही. घास जवळ आला की ते आपोआप सैल होते.

ॲकॅलेशियात नळीच्या भिंतीतील मज्जापेशी नाहीशा होत जातात. लाट बंद पडते आणि खालचे कडे सैल होत नाही. आपल्याकडे राजनाल्याच्या पाटाचे पाणी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पाटाचे दार उघडलेच नाही तर पाणी मागे तुंबते, काठ फुगतात, मिळेल तिथून बाहेर पडते. अन्ननलिकेचे तसेच होते. ती फुगत जाते, आत अन्न साठून आंबते आणि त्यामुळे छातीत जळजळही होते. म्हणूनच माझ्यासारख्या डॉक्टरची ॲसिडिटी म्हणून फसगत होते. आडवे झाल्यावर हे अन्न तोंडात येते, श्वासनलिकेत उतरते आणि रात्रीचा खोकला लागतो.

मज्जापेशी का मरतात याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच त्यांच्यावर उलटत असावी असा अंदाज आहे. एवढे मात्र नक्की की हा आजार संसर्गाने एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि मनाच्या खेळाने तर मुळीच होत नाही.

आजार विरळा आहे. लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण एक नवा रुग्ण, असे प्रमाण मानले जाते. २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांच्या वर होती. म्हणजे हिशेबाने आपल्या दोन तालुक्यांत वर्षाकाठी चार-पाच रुग्ण तरी नव्याने निघावेत. ते कुठे आहेत? बहुधा गोळ्या खात, मागीलदारी एकटे जेवत आहेत.

कर्करोग नाही ना?

घास अडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले सर्वांत गंभीर म्हणजे अन्ननलिकेचा कर्करोग. त्यात बहुधा आधी भाकरी-चपाती अडते, मग मऊ भात, शेवटी पाणी. आणि हे सारे थोड्या महिन्यांत घडते. ॲकॅलेशियात पुष्कळदा सुरुवातीपासून घास आणि पाणी दोन्ही अडते आणि त्रास वर्षानुवर्षे चालतो. पण हा फरक घरी बसून ठरवण्याचा नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या, तंबाखू, विडी किंवा दारूची सवय असलेल्या माणसाचा घास नव्याने अडू लागला, तर एक आठवडाही दवडू नये.

म्हणून पहिली तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एण्डोस्कोपीची. तिने गाठ आहे की नाही ते दिसते. दुसरी बेरियमची. पांढरे औषध पाजून एक्स-रे काढतात. आमच्या रुग्णाच्या फोटोत वर फुगलेली नळी आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते टोक स्पष्ट दिसत होते. तिसरी तपासणी मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतील दाब मोजतात. तिने निदान पक्के होते आणि आजाराचा प्रकार कळतो. ही सोय सगळीकडे नसते. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, भायखळ्याचे जे.जे. या रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. कर्जतहून लोकलने दोन-सव्वादोन तासांचा प्रवास आहे. सकाळची गाडी धरून जावे आणि सोबत जुने सर्व कागद न्यावेत.

उपचार काय?

सतराव्या शतकात इंग्लंडमधील डॉ. थॉमस विलिस यांनी अशाच एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाची काडी आणि तिच्या टोकाला स्पंजाचा बोळा करून दिला. तो माणूस जेवताना त्या काडीने अन्न खाली ढकली आणि त्यावर तो पंधरा वर्षे जगला. १६७४ साली विलिस यांनी ही हकिगत प्रसिद्ध केली. आजचे उपचार सुखाचे आहेत, पण तत्त्व तेच आहे. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. म्हणून न उघडणारे दार आपण मोकळे करून द्यायचे.

त्याचे मुख्य मार्ग तीन. एक, दुर्बिणीतून फुगा घालून ते कडे ताणणे. यात चिरफाड नाही, पण काही वर्षांनी पुन्हा करावे लागू शकते आणि क्वचित नळीला भोक पडण्याचा धोका असतो. दोन, शस्त्रक्रियेने कड्याचे स्नायू कापणे. जर्मनीच्या डॉ. हेलर यांनी १९१३ साली ती प्रथम केली. आता ती पोटावर लहान छिद्रे पाडून होते. तीन, 'पोएम' नावाची पद्धत. यात तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापतात. जपानमध्ये योकोहामा येथे डॉ. हारुहिरो इनोवे यांनी २००८ साली ती माणसावर प्रथम केली आणि आज ती भारतातही होते. तिच्यानंतर काहींना आम्लाचा त्रास होतो व त्यासाठी गोळ्या घ्याव्या लागतात. बोटॉक्सचे इंजेक्शनही देतात, पण त्याचा गुण बहुधा काही महिनेच टिकतो. ते वयस्कर, अशक्त रुग्णांसाठी ठीक. कोणता मार्ग कोणाला योग्य, हे वय, प्रकृती आणि आजाराचा प्रकार पाहून तज्ज्ञांनी ठरवायचे.

खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून हा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, याची आधीच खात्री करून घ्यावी.

आमच्या रुग्णाला मुंबईत आधी फुग्याचा उपचार मिळाला. दीड वर्ष बरे गेले, मग घास पुन्हा अडू लागला. तेव्हा मात्र त्यांनी वाट पाहिली नाही. 'पोएम' करून घेतले. आज वजन एकोणपन्नास किलो आहे. आजार संपला असे मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा तपासणी आहेच.

अर्ध्या तासाची भेट

फुग्याच्या उपचारापूर्वी त्या फार घाबरल्या होत्या. आमच्याकडे नेरळच्या बाजूचे एक निवृत्त मास्तर येतात. त्यांची याच आजाराची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली. दोघांना विचारून मी त्यांची दवाखान्यात गाठ घालून दिली. मास्तर म्हणाले, "ताई, हा आजार कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचं नाव चारचौघांत सांगायला शिका. घरात सांगा, शेजारी सांगा. नाव कळलं की बोलणारे गप्प होतात." मग त्यांनी जेवणाच्या युक्त्या सांगितल्या. अर्ध्या तासात त्यांनी जो धीर दिला तो मला दोन वर्षांत देता आला नव्हता. सासूबाई शेजारी बसून सारे ऐकत होत्या. घरी गेल्यावर त्यांनी सुनेसाठी मऊ भात वेगळा काढायला सुरुवात केली आणि तिचे पान आपल्या पानाशेजारी मांडले.

मास्तरांच्या युक्त्यांत माझ्या सूचना मिळवून येथे देतो :

ताठ बसून, लहान घास घेऊन, सावकाश चावून जेवावे. जेवताना कोमट पाणी जवळ ठेवावे. गार पाण्याने पुष्कळांचा त्रास वाढतो. कोरडी भाकरी, पाव, मटणाचे मोठे तुकडे टाळावेत; पेज, मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, नाचणीचे आंबील चालते. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आटोपावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. गोळी नेहमी बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. मात्र या युक्त्या उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत. घास पूर्ण अडकून थुंकीही गिळता येईनाशी झाली, तर तडक रुग्णालय गाठावे.

शेवटी चार प्रश्न. हे माझ्या टेबलाच्या काचेखाली मी लिहून ठेवले आहेत. आपणही घरात विचारावेत.

१. गिळल्यावर घास किंवा पाणी छातीत अडते का?
२. खाल्लेले अन्न न पचता, आंबट न लागता तोंडात परत येते का?
३. रात्री खोकल्याने जाग येते का? उशीवर अन्न किंवा पाणी सांडलेले दिसते का?
४. वजन कमी झाले आहे का?

पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तरी डॉक्टरांकडे जावे आणि 'ॲसिडिटी आहे' एवढे न सांगता 'घास अडतो' हेच शब्द वापरावेत. महिनाभर गोळ्या घेऊनही फरक पडला नाही, तर दुर्बिणीची तपासणी करायची का, असे आपण होऊन विचारावे. डॉक्टर रागावणार नाहीत. मला कोणी असे विचारले असते, तर एका बाईची सव्वा वर्षाची उपासमार वाचली असती.