अळिंबी : आतड्यातील उपकारक जीवाणूंचे खाद्य

शेतात घातलेल्या शेणखतातील बरीचशी अन्नद्रव्ये पिकास लगेच मिळत नाहीत. जमिनीतील सूक्ष्म जीवाणू ते खत कुजवितात व मगच पिकाचे पोषण होते, हे शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असंख्य जीवाणू असतात व आपणांस न पचणाऱ्या अन्नावर ते जगतात. त्यांपैकी उपकारक जीवाणूंना पोसणाऱ्या खाद्यास 'प्रीबायोटिक' म्हणतात. ही संज्ञा १९९५ साली शास्त्रात आली. ताकातून जिवंत जीवाणू पोटात जातात. प्रीबायोटिक हे त्यांचे खाद्य होय.

अळिंबी हे असेच खाद्य आहे. तिच्या पेशीभित्तिकांत बीटा-ग्लुकन व कायटिन या बहुशर्करा असतात. आपल्या पाचकरसांनी त्यांचे फारसे विघटन होत नाही. म्हणून त्या बव्हंशी मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. तेथील जीवाणू त्या आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना मुख्यतः ब्युटिरिक आम्लापासून शक्ती मिळते.

तथापि याविषयीचा पुरावा बराचसा प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील आहे. माणसांवरील चाचण्या थोड्या आहेत. यास्तव अळिंबी भाजी म्हणून खावी, औषध म्हणून नव्हे. तिच्या महागड्या भुकटीवर पैसा खर्चू नये व डॉक्टरांचे उपचार सोडू नयेत. बाजरी, डाळी, कांदा व लसूण यांतूनही जीवाणूंना खाद्य मिळते.

तिसगाव (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर) परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागात कडबा जनावरांसाठीच राखावा. धिंगरी अळिंबी सोयाबीनच्या काडावर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या बारीक तुकड्यांवरही येते. काड भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून व निथळून मगच त्यात बियाणे मिसळावे. धिंगरीस साधारणतः २० ते ३० अंश सेल्सियस तापमान व भरपूर दमटपणा लागतो. म्हणून पावसाळा व हिवाळा सोयीचा, कडक उन्हाळा टाळावा. बियाणे व प्रशिक्षण यांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे किंवा त्याच्या पुणे येथील कृषी महाविद्यालयाकडे चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट घरोघरी आवर्जून सांगावी. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या छत्र्यांपैकी काही प्राणघातक विषारी असतात व शिजविल्यानेही त्यांचे विष जात नाही. म्हणून लागवड केलेली ताजी अळिंबीच घ्यावी, ती नीट शिजवावी व प्रथम थोडीच खाऊन पाहावी.